वर्गाबाहेरचे दोन दिवस

समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विद्यार्थी आठवड्यातील साधारण दोन दिवस महाविद्यालयात नसतो. तो एखाद्या सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात, निरीक्षणगृहात, वृद्धाश्रमात, व्यसनमुक्ती केंद्रात किंवा पालिकेच्या आरोग्य केंद्रालगतच्या वस्तीत असतो. घरच्यांना हा 'कॉलेजचा प्रोजेक्ट' वाटतो. ज्या संस्थेत तो जातो तिला तो कधी मदतीचा हात वाटतो, तर कधी डोक्याला ताप. गुणपत्रिकेत मात्र हे सारे 'क्षेत्रकार्य' या एका शब्दात आटोपते.

वैद्यकीय शाखेची इंटर्नशिप, परिचर्या शाखेची वॉर्डातील ड्युटी आणि समाजकार्याचे क्षेत्रकार्य ही एकाच कुळातील भावंडे. माणसांशी निगडित काही कौशल्ये पुस्तकातून येत नाहीत, ती माणसांमध्ये राहूनच शिकावी लागतात, हे तिन्हींमागील गृहीतक आहे. ते एकदा मान्य केले की एक अडचणीचा प्रश्न समोर येतो. सुतारकाम शिकणाऱ्याच्या हातून लाकूड बिघडले तर दुसरे घेता येते. येथे शिकणाऱ्याच्या पुढ्यात असतो तो आजारी, गांजलेला, बहुधा गरीब माणूस. क्षेत्रकार्याचा करार महाविद्यालय, संस्था आणि विद्यार्थी या तिघांत होतो. ज्याच्या खाटेशेजारी हा विद्यार्थी जाऊन उभा राहणार, त्याची सही त्या करारावर नसते. त्याच्या हिताची राखण करणारी एकच गोष्ट या व्यवस्थेत आहे, आणि ती म्हणजे पर्यवेक्षण. क्षेत्रकार्याचा कस लागतो तो तेथेच.

नागपाड्यातील सुरुवात

दानधर्म करणाऱ्यांनाही प्रशिक्षण लागते, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य शहरांत रुजला. लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात १८९५ मध्ये मेरी स्ट्युअर्ट यांची 'आल्मनर' म्हणून नेमणूक झाली. मोफत उपचार खरोखर कोणाला हवेत हे पाहणे, एवढेच त्यांच्याकडून आधी अपेक्षित होते. पुढे याच पदातून रुग्णालयीन समाजसेवकाचा व्यवसाय उभा राहिला. न्यूयॉर्कमध्ये १८९८ च्या उन्हाळ्यात तेथील चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटीने सहा आठवड्यांचा वर्ग भरवला. समाजकार्याच्या औपचारिक शिक्षणाचा आरंभ त्या वर्गापासून मानला जातो. व्याख्यानांबरोबर संस्थांना भेटी आणि प्रत्यक्ष काम, ही जोडी त्या पहिल्या वर्गातही होती.

मुंबईतील कथा सुरू होते ती नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅन्शार्ट हे शिकागोत शिकलेले गृहस्थ १९२० च्या दशकात मुंबईत आले आणि त्यांनी नागपाडा नेबरहूड हाऊस हे वस्तीकेंद्र चालवले. वस्तीतच राहायचे, वस्तीतील माणसांबरोबर काम करायचे, ही जेन ॲडम्स यांच्या शिकागोतील हल हाऊसची रीत त्यामागे होती. सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने १९३६ मध्ये देशातील समाजकार्याचे पहिले विद्यालय सुरू झाले ते याच केंद्रात, आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले. आधी वस्तीतले काम आणि नंतर त्याभोवती विद्यालय, असा हा उलटा क्रम होता. भारतात समाजकार्य शिक्षणाच्या पायातच क्षेत्रकार्य आहे असे म्हणतात, ते या अर्थाने शब्दशः खरे. 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' हे या विद्यालयाचे मूळ नाव १९४४ मध्ये बदलून 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' झाले. पुढे संस्था देवनारला गेली. पुढील दोन-तीन दशकांत मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृ सेवा संघाची समाजकार्य संस्था अशी महाविद्यालये निघाली आणि आठवड्यातील दोन दिवसांची प्रथा राज्यभर पसरली.

वॉर्डातला विद्यार्थी

रुग्णालयात समाजसेवकाचे काय काम, हा प्रश्न आजही विचारला जातो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ मध्ये देशातील पहिली वैद्यकीय समाजसेविका नेमली गेली, तेव्हा तो अधिक उघडपणे विचारला गेला असणार. सरकारी रुग्णालयांत आता 'समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)' असे पदनाम असते. क्षेत्रकार्याचा विद्यार्थी बहुधा यांच्याच टेबलाशी रुजू होतो.

पहिले काही आठवडे तो नुसता हिंडतो. केसपेपरची खिडकी, ओपीडीची रांग, रक्तपेढी, क्ष-किरण विभाग, शवागाराकडे जाणारा जिना. हे हिंडणे वरवर निरर्थक दिसते. परंतु बाहेरगावाहून पहाटेच्या गाडीने आलेल्या माणसाला एका तपासणीसाठी किती खिडक्यांपुढे उभे राहावे लागते, कोणत्या खिडकीवर कोणता कागद मागतात आणि दुपारी किती वाजता कोणती खिडकी बंद होते, हे ज्याला ठाऊक नाही त्याने रुग्णाला दिलेला सल्ला कुचकामी ठरतो.

त्यानंतर प्रत्यक्ष काम येते, आणि त्यातील बराच भाग पैशाचा असतो. औषधासाठी, कृत्रिम अवयवासाठी, शस्त्रक्रियेसाठी निधी उभा करायचा. कोणत्या विश्वस्त निधीकडे कोणत्या नमुन्यात अर्ज करायचा. राजीव गांधी जीवनदायी योजना या नावाने २०१२ मध्ये सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी जनआरोग्य योजना रुग्णाच्या आजाराला लागू पडते की नाही, हे आरोग्यमित्राकडून समजून घ्यायचे. सरकारी रुग्णालयात सोय नसेल, तर धर्मादाय रुग्णालयाचा दरवाजा ठोठवायचा. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दरात राखणे बंधनकारक आहे. त्यासाठी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम वेगळ्या निधीत जमा करावी लागते. ही तरतूद शहरातील सुशिक्षितांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. चार फोन, दोन पत्रे आणि एक उत्पन्नाचा दाखला यांतून खाट मिळते, हा अनुभव विद्यार्थ्याला कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक शिकवून जातो. कधी हे सारे करूनही खाट मिळत नाही, तोही अनुभवच.

पण पैसा हा कामाचा सोपा भाग. क्षयरोगाच्या रुग्णाचे उदाहरण घ्यावे. नेहमीच्या क्षयरोगाचा उपचार सहा महिन्यांचा. काही आठवड्यांत खोकला थांबतो, वजन वाढू लागते, आणि बरे वाटू लागले की गोळ्या सुटतात. नोंदवहीत त्या नावापुढे 'उपचार सोडला' असा शेरा पडतो. विद्यार्थ्याने त्या पत्त्यावर जायचे असते. तेथे गेल्यावर कळते की आरोग्य केंद्र उघडण्याची वेळ आणि नाक्यावर मजूर उचलण्याची वेळ एकच आहे. एक गोळी म्हणजे एक दिवसाची मजुरी. कोठे सासरी आजार कळू नये म्हणून औषध माहेरी ठेवलेले असते. शेरा तोच राहतो, पण त्याचा अर्थ बदलतो. औषध देण्याची वेळ किंवा जागा बदलून घेणे, घरातील एका माणसाला विश्वासात घेणे, असे उपाय मग सुचतात. आजार शरीराचा आणि कारणे घरातली, हे सूत्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत असते. विद्यार्थ्याला ते उमगण्यासाठी दोन जिने चढून जावे लागते.

याखेरीज नातेवाईक सोडून गेलेला वृद्ध, पोलिसांनी आणून दाखल केलेला अनोळखी रुग्ण, जळालेल्या अवस्थेत आलेली आणि 'स्टोव्हचा भडका उडाला' एवढेच सांगणारी नवविवाहिता. या शेवटच्या प्रसंगी विद्यार्थ्याने काय विचारावे, कितपत विचारावे आणि कोठे थांबून वरिष्ठांना बोलवावे, हे त्याला आधी कोणी सांगितले नसेल तर त्या भोळ्या उत्साहाने अपायच होतो.

लाल शाईचे काम

क्षेत्रकार्याचे खरे शिक्षण वॉर्डात होते तितकेच ते वहीतही होते. प्रत्येक भेटीचा अहवाल लिहायचा, दर आठवड्याला तो पर्यवेक्षक प्राध्यापकाकडे द्यायचा आणि मग त्यावर चर्चा. विद्यार्थ्यांच्या बोलीत एकट्याने होणाऱ्या चर्चेला 'आयसी' आणि गटाने होणाऱ्या चर्चेला 'जीसी' म्हणतात. अहवाल लिहिण्याचा कंटाळा ही या शिक्षणातील सार्वत्रिक तक्रार आहे, पण तिच्यासाठी अहवाल सोडून देणे परवडणारे नाही.

सुरुवातीच्या अहवालांत काही ठराविक वाक्ये हमखास सापडतात. 'रुग्ण सहकार्य करत नाही.' 'घर अस्वच्छ होते.' 'आईला मुलाच्या शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले.' चांगला पर्यवेक्षक या वाक्यांखाली लाल रेघ ओढतो. रुग्ण नेमके काय म्हणाला? घरात काय दिसले? माणसे किती, खोल्या किती, नळाला पाणी किती वाजता येते? आईला पटले हे कशावरून? पाहिलेले आणि अनुमानलेले यांतील फरक पहिल्या सत्रात विद्यार्थ्याला दाखवून द्यावा लागतो, आणि तो दाखवण्याचे दुसरे साधन अद्याप कोणाला सापडलेले नाही. याच चर्चेत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या मनाचाही हिशेब होतो. दारू पिणाऱ्या रुग्णाविषयी वाटणारी चीड, मरणाऱ्या मुलाच्या खाटेपाशी जाणे टाळण्याची युक्ती, एखाद्या आजीबाईंना गुपचूप स्वतःच्या खिशातून दिलेले पन्नास रुपये. हे अहवालात आले नाही, तर पर्यवेक्षकाने ते ओळखायचे असते.

या कामाला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे मनुष्यबळ. एका शिक्षकाकडे आठ-दहा विद्यार्थी असतील तर दर आठवड्याला तेवढे अहवाल वाचणे कष्टाचे पण शक्य आहे. हाच आकडा वीस-पंचविसावर गेला, पदे रिकामी राहिली, तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या माथी पर्यवेक्षणही आले, की लाल रेघ जाऊन फक्त तारीख आणि सही उरते. बाहेरून पाहणाऱ्याला काहीच बदललेले दिसत नाही. वह्या भरलेल्या असतात, हजेरी पूर्ण असते, गुणही मिळतात. इंग्लंडमध्ये समाजकार्याच्या विद्यार्थ्याला पदवीपूर्वी २०० दिवस प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाला द्यावे लागतात. त्यांपैकी १७० दिवस संस्थांत आणि ३० दिवस कौशल्यांच्या सरावात जातात. तेथे विद्यार्थ्याला संस्थेत शिकवणाऱ्या अनुभवी समाजसेवकाने या कामाचे स्वतंत्र प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. आपल्याकडे संस्थेतील मार्गदर्शक हे काम स्वतःची नोकरी सांभाळून, बहुधा मानधनाशिवाय आणि मुख्यतः सौजन्यापोटी करतो. त्याच्या सौजन्यावर एवढी मोठी व्यवस्था उभी आहे, हे महाविद्यालयांनी मोकळेपणाने मान्य केलेले बरे.

डॉक्टर आणि परिचारिका

परिचर्या शाखेत विद्यार्थिनी पहिल्या वर्षापासूनच वॉर्डात जाते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात १८६० मध्ये निघाली तेव्हापासून ही पद्धत चालत आली आहे. तीन रुग्णांमागे एक विद्यार्थी, हे प्रमाण भारतीय परिचर्या परिषदेने घालून दिलेले आहे. या निकषामागील हेतू एवढाच की विद्यार्थिनींची गर्दी रुग्णाच्या छातीवर बसू नये आणि प्रत्येकीच्या हाताला काम मिळावे. उलट बाजूची भीतीही जुनीच आहे. जेथे परिचारिकांची पदे भरलेली नसतात, तेथे शिकाऊ मुलीच रात्रपाळीचा गाडा ओढतात. शिकवणारी सिस्टर जागेवर नसेल तर ती ड्युटी शिक्षणात मोजायची की मजुरीत, हा प्रश्न विचारायला विद्यार्थिनी धजावत नाही.

एम.बी.बी.एस.च्या विद्यार्थ्याची इंटर्नशिप अंतिम परीक्षेनंतर येते. २०२१ च्या नियमावलीनुसार ती बारा महिन्यांची असून त्यांतील बारा आठवडे सामुदायिक आरोग्यासाठी आहेत. केवळ रोग नव्हे तर रोगी ज्या समाजात राहतो तो समाजही डॉक्टरला कळला पाहिजे, हा आग्रह नवा नाही. भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिन्यांचे प्रशिक्षण सुचवले होते, आणि घडवायचा होता तो 'सामाजिक वैद्य'. प्रत्यक्षात ग्रामीण आरोग्य केंद्रावरील हे आठवडे पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या तयारीत खर्ची पडतात, हे वैद्यकीय महाविद्यालयांतील उघड गुपित आहे. परीक्षेत विचारले जात नाही ते शिकले जात नाही, या नियमाला इंटर्नशिपही अपवाद नाही.

वर्ध्याजवळच्या सेवाग्राम येथील वैद्यकीय महाविद्यालयाने हा क्रम उलटवून पाहिला. डॉ. सुशीला नय्यर यांनी १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, हे महाविद्यालय सुरू केले. येथील विद्यार्थी पहिल्याच वर्षी आश्रमात राहून मग एका खेड्यातील शिबिरात जातो. प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येक विद्यार्थ्याकडे काही कुटुंबे सोपवली जातात आणि पुढील वर्षांत त्याच घरांत त्याला पुन्हा पुन्हा जावे लागते. एकदाच जाऊन सर्वेक्षणाचा तक्ता भरणे आणि त्याच उंबऱ्यावर दुसऱ्या वर्षी परत उभे राहणे, यांत फार अंतर आहे. दुसऱ्या खेपेला घरातील बाई विचारते, 'मागच्या वेळी सांगितलेल्या गोळ्यांचे काय झाले?' असे उत्तर देण्याची वेळ आली की शिक्षणाला धार येते. देशभरातील वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ पासून 'कुटुंब दत्तक' उपक्रम अभ्यासक्रमात आणला. त्यात पहिल्या वर्षापासून तीन ते पाच कुटुंबांशी संबंध ठेवायचा असतो. सेवाग्रामच्या पद्धतीशी त्याचे साम्य उघड आहे. मात्र वसतिगृहापासून गाव किती दूर, बस कधी, बरोबर शिक्षक कोण, या क्षुल्लक वाटणाऱ्या बाबींवरच त्याचे यश अवलंबून राहील.

कोविडच्या साथीने या साऱ्या व्यवस्थेची दोन टोके एकदम दाखवली. मार्च २०२० मध्ये समाजकार्याचे क्षेत्रकार्य बंद पडले आणि दूरध्वनीवरील समुपदेशनावर भागवावे लागले. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, केंद्र सरकारने इंटर्न डॉक्टरांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कोविड कामावर नेमण्याचे ठरवले, आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना सौम्य रुग्णांची दूरस्थ विचारपूस सोपवण्यास मुभा दिली. एकाच संकटात एक विद्यार्थी 'अनावश्यक' म्हणून घरी, तर दुसरा 'अत्यावश्यक' म्हणून वॉर्डात.

विद्यार्थ्यांनी उभे केलेले

क्षेत्रकार्य म्हणजे केवळ घेणे नव्हे. मुंबईत पोलीस आयुक्तालयात १९८४ मध्ये टाटा संस्थेने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. हिंसाचाराची तक्रार घेऊन आलेल्या बाईशी पोलीस ठाण्याच्याच आवारात प्रशिक्षित समाजसेविकेने बोलावे, ही कल्पना त्या वेळी नवी होती. पुढे राज्य सरकारने हे कक्ष जिल्ह्याजिल्ह्यांत नेले. रस्त्यावरील मुलांसाठी १०९८ ही दूरध्वनी सेवा १९९६ मध्ये जेरू बिलिमोरिया यांनी याच संस्थेचा क्षेत्रीय प्रकल्प म्हणून आरंभली. 'दस नौ आठ' असा क्रमांक तोंडी बसवलेली ही चाइल्डलाइन पुढे देशभर गेली आणि २०२३ मध्ये तिचे कामकाज सरकारी यंत्रणेने आपल्याकडे घेतले. अशा प्रकल्पांत विद्यार्थ्यांच्या अनेक तुकड्या कामाला होत्या. शिकण्याची जागा हवी म्हणून काम सुरू झाले आणि मग समाजाला त्याची गरज आहे हे ध्यानात आले, असे येथे घडले.

तरीही सर्वच संस्था विद्यार्थ्याकडून काम करून घेताना त्याच्या शिक्षणाचा विचार करतात असे नाही. रजिस्टर उतरवणे, कार्यक्रमाच्या खुर्च्या मांडणे, देणगीदारांसाठी छायाचित्रे काढणे, यांत महिना निघून जातो. आरंभी थोडे असे काम सर्वांनाच करावे लागते आणि ते करताना संस्था कळते, हेही खरे. पण ऑक्टोबर उजाडला तरी विद्यार्थ्याच्या अहवालात एकाही माणसाशी झालेले बोलणे नसेल, तर महाविद्यालयाने संस्थेशी बोलायला हवे. विद्यार्थी ते बोलू शकत नाही. त्याचे गुण त्याच संस्थेच्या शेऱ्यावर अवलंबून असतात. प्रवासखर्चही बहुधा त्याच्याच खिशातून जातो. विरारहून देवनार आणि देवनारहून ठाण्याचे मनोरुग्णालय, असा पास काढणाऱ्या गरीब घरातील विद्यार्थ्याला कोणती संस्था मिळते हे कधी कधी त्याच्या आवडीपेक्षा रेल्वेमार्गच ठरवतो.

कायद्याची चौकट

शिकणाऱ्याचे संरक्षण आणि रुग्णाचे संरक्षण या दोन्हींसाठी आता कायद्यात तरतुदी आहेत. त्या क्षेत्रकार्याच्या पहिल्या दिवशीच सांगितल्या पाहिजेत. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात 'कर्मचारी' या शब्दात प्रशिक्षणार्थीही येतो, आणि रुग्णालय हे कामाचे ठिकाण ठरते. त्यामुळे संस्थेतील तक्रार समितीकडे विद्यार्थिनी दाद मागू शकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनी महाविद्यालयाची जबाबदारीही आवाराबाहेर, क्षेत्रभेटी आणि इंटर्नशिपच्या जागांपर्यंत नेली. कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात ऑगस्ट २०२४ मध्ये प्रशिक्षणार्थी महिला डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला, तेव्हा रात्रपाळी करणाऱ्या शिकाऊंना विसाव्यासाठी साधी सुरक्षित खोलीही नसते, ही बाब देशापुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने त्यानंतर राष्ट्रीय कृती दल नेमले. संस्था निवडताना स्वच्छतागृह कोठे आहे आणि सायंकाळी परतण्याची सोय काय, हे पाहणे म्हणूनच लाड ठरत नाही.

दुसरी बाजू गोपनीयतेची. एच.आय.व्ही.बाधितांविषयीचा आणि मानसिक आरोग्याविषयीचा असे २०१७ चे दोन्ही कायदे रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचा हक्क देतात. बाल न्याय कायद्यानुसार संस्थेतील मुलाची ओळख उघड करता येत नाही. मग विद्यार्थ्याच्या अहवालात रुग्णाचे खरे नाव कशाला? ते बदलून लिहावे, पत्ता गाळावा, वही लोकलमध्ये उघडू नये, आणि वॉर्डातील छायाचित्र मोबाइलवर घेऊ नये. चर्चेत प्रकरण मांडताना वर्गमित्रांनाही व्यक्ती ओळखू येता कामा नये. उलट एका ठिकाणी मौन हाच गुन्हा आहे. बालकांवरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर २०१२ च्या 'पॉक्सो' कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे, विद्यार्थ्यावरही. मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट आणि कायद्याचे बंधन यांच्या कात्रीत वीस-बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एकट्याने सापडू नये, यासाठीच पर्यवेक्षकाचा दूरध्वनी क्रमांक त्याच्याकडे असायला हवा आणि तो उचललाही जायला हवा.

व्यवसायाची मान्यता हा आणखी एक धागा. देशात सर्व समाजसेवकांसाठी एकच वैधानिक परिषद नाही. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोग कायद्याने मात्र वैद्यकीय व मनोविकार समाजसेवकांना आपल्या कक्षेत घेतले. मानसिक आरोग्य कायद्यातील व्याख्येनुसार मनोविकार समाजसेवकाला समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीवर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. अभ्यासक्रम लागतो आणि त्यात देखरेखीखालील प्रत्यक्ष प्रशिक्षण असावे लागते. देखरेख हा शब्द कायद्यात आला, हे महत्त्वाचे.

प्रवेश घेण्यापूर्वी

महाविद्यालयांची माहितीपत्रके इमारत, ग्रंथालय आणि नोकरीचे आकडे सांगतात. या क्षेत्रात येणाऱ्याने त्याआधी क्षेत्रकार्याची चौकशी करावी. एका पर्यवेक्षकाकडे किती विद्यार्थी असतात? वैयक्तिक चर्चा दर आठवड्याला होते की सत्रातून दोनदा? संस्था विद्यार्थ्याचा कल पाहून दिली जाते की चिठ्ठी टाकून? संस्थेत समाजकार्य शिकलेली व्यक्ती मार्गदर्शनाला असते का? पहिल्या वर्षी वस्ती आणि दुसऱ्या वर्षी रुग्णालय, असा काही क्रम आहे का? ग्रामीण शिबिर आणि शेवटची महिनाभराची 'ब्लॉक प्लेसमेंट' कोठे होते? ही उत्तरे प्राध्यापकांपेक्षा दुसऱ्या वर्षाचे विद्यार्थी अधिक स्पष्टपणे देतात. क्षेत्रकार्याचा दिवस सोडून महाविद्यालयाच्या कँटीनमध्ये गेल्यास ते भेटतात. स्वतःच्या घरात नुकताच मृत्यू किंवा दीर्घ आजार झाला असेल, तर कर्करोग विभागासारखी जागा लगेच न घेता पर्यवेक्षकाला आधी सांगावे. त्यात कमीपणा नाही.

वर्ष संपताना एक काम उरते, आणि अभ्यासक्रमात त्याला स्वतंत्र नाव आहे, 'समाप्ती'. मार्च जवळ आला की विद्यार्थ्याने आपल्या रुग्णांना, कुटुंबांना, मुलांना आधीच सांगायचे असते की अमुक तारखेनंतर तो येणार नाही. परीक्षेच्या गडबडीत हे राहून गेले, तर बालगृहातील मूल पुढल्या सोमवारी फाटकाशी वाट पाहत बसते. त्याला याआधीही बरेच लोक न सांगता सोडून गेलेले असतात. म्हणून शेवटच्या तीन-चार भेटी केवळ यासाठी ठेवतात. अपुरी राहिलेली कामे, म्हणजे अडकलेला दाखला, मंजुरीच्या वाटेवरचा अर्ज, पुढील तपासणीची तारीख, संस्थेतील कार्यकर्त्याच्या हाती लेखी सोपवली जातात. जूनअखेर नवी तुकडी येते, आणि त्यांतील कोणीतरी तो कागद उघडून पहिल्या पत्त्यावर निघते.